खाड्याचा आठवडा

माझी थोरली बहीण शाळेत मुलांना आयुष्याचं ध्येय शोधायला मदत करते. हे मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा बऱ्याचजणांना वाटतं, मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करतच असते, पण ही गोष्ट खरी आहे. सातवीच्या वेळापत्रकात तसा तास आहे, त्याला ‘ध्येयशोध’ असं भारदस्त नाव आहे, आणि तो तास ताईचा आहे.

तिची थोरवी ओळखून कुणी तो तिला दिला, असं काही नाही. ताई हस्तकला शिकवायची. कागद, पुठ्ठा, सुतळी, डिंक. मग संस्थेच्या सचिवसाहेबांना कुठल्याशा संमेलनात साक्षात्कार झाला, की आजच्या मुलांपुढे ध्येयच नाही. हस्तकलेची खोली संगणकांना गेली आणि रिकाम्या झालेल्या बाईंच्या गळ्यात हा विषय पडला. मिसरूडही न फुटलेल्या पोरांनी आणि दोन वेण्यांच्या पोरींनी आपण जन्माला कशासाठी आलो ते सांगायचं, तेही वार्षिक परीक्षेच्या आत.

मी म्हटलं, “ताई, माझी चाळिशी उलटली तरी मला ध्येय सापडलेलं नाही. मलाही बसव वर्गात.”

“तुझं सापडलंय,” ती म्हणाली. “माझं डोकं खाणं.”

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. खाली माझा कपडे अल्टर करायचा गाळा, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमचे हे बस चालवतात आणि घरी आले की झोपतात. ताईने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या नातेवाइकांना फार हौस होती, तीही आता फिटली. तेव्हा ताईचं सगळं बोलणं ऐकायला मीच, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत जे झालं तेही मी तिच्याच तोंडून, शिवणयंत्राच्या आवाजातून, रोज थोडंथोडं ऐकलेलं.

सुरुवातीचे काही महिने, ताईकडे येण्याआधी, हा तास घ्यायला बाहेरून एक गृहस्थ यायचे. मुलांना डोळे मिटायला सांगायचे, आणि मोठेपणी आपण कुठे असू ते बघायला लावायचे. मुलं डोळे मिटून एकमेकांना चिमटे काढायची. मग कागदावर डॉक्टर, पायलट, नट असं काहीतरी खरडून मोकळी व्हायची. ताईने पहिल्याच दिवशी ते बंद केलं. तिने फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: तू नसलास, तर कुणाचं काय अडेल?

  हा प्रश्न मला विचारला असता तर मी उठून गेले असते.

तो तिला कुठून सुचला हे मला ठाऊक आहे. लहानपणी ताई आजारी पडून पुष्कळ दिवस इस्पितळात होती. घरी आली तेव्हा तिची झोपायची जागा मला मिळालेली, तिचं झाडांना पाणी घालायचं काम शेजारची मुलगी करत होती, आणि बाबा तिला उचलून घेत थट्टेत म्हणाले, “बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही हो आमचं.” बाबा बिचारे दुसऱ्या मिनिटाला ते विसरले. ताई अजून विसरलेली नाही. चांगल्या माणसांच्या साध्या बोलण्याने कधीकधी अशी इजा होते, आणि मग त्या माणसाला जाबही विचारता येत नाही.

तर ताईची पद्धत अशी. पहिले काही तास मुलांनी शाळाभर फक्त हिंडायचं. बोलायचं नाही. जिकडे कुणाचंच लक्ष नाही अशी एक गोष्ट शोधायची आणि ती सहामाहीभर आपली म्हणून सांभाळायची. त्याला गुण नाहीत, बिल्ला नाही, शाबासकी नाही. एकाने जिन्याखालची सायकलींची जागा घेतली. एकीने पहिलीतल्या पोरांच्या हरवलेल्या वस्तू. भूगोलाचे फाटके नकाशे एकाने घेतले. तो पोरगा त्याआधी फक्त वर्गाबाहेर उभं राहण्यासाठी प्रसिद्ध होता.

आणि सहामाहीच्या शेवटी खाड्याचा आठवडा. ही खास ताईच्या डोक्यातली गोष्ट. त्या आठवड्यात कुणीही आपलं काम करायचं नाही. खाडा करायचा, सांगायचं नाही, आणि कोपऱ्यात उभं राहून बघायचं की आपल्यावाचून काय अडतं. ताई म्हणायची, “शाबासकी देणारा खोटं बोलू शकतो. अडलेला माणूस खोटं बोलत नाही.” पहिल्या वर्षी त्या आठवड्यात पहिलीतली एक चिमुरडी हरवलेला डबा शोधत सातवीच्या दारात येऊन रडली, आणि त्या वस्तू सांभाळणारी मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, “मी उद्या आजारी पडले तरी शाळेत जाणार.” हे सांगताना ताईचं नाक लाल झालं होतं. मीही पँटची शिवण उसवत होते ती उसवतच राहिले.

दुसऱ्या वर्षी तिच्या वर्गात पाना आली.

तिचं खरं नाव वेगळं. पाना हे वर्गाने ठेवलेलं. तिचे वडील शाळेची डागडुजी बघायचे. नळ, कड्या, दिवे, बाकांचे पाय. त्यांच्या कमरेला कायम एक मोठा पाना लटकलेला असायचा, म्हणून ते पानावाले काका आणि ही पाना. नोकरांच्या मुलांना शाळेत जागा मिळते तशी तिला मिळालेली. मुलगी मान खाली घालून यायची आणि तशीच जायची. वडील समोरून आले की जिना बदलायची. ताई म्हणाली, “तिला शाळेत अदृश्य व्हायचंय.”

काका काही कामाचा वाघ नव्हते, हे आधीच सांगते. नंतर जे झालं त्यामुळे त्यांना संत करायची मला गरज वाटत नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत रेडिओ लावून पडायचे. नळ गळतोय म्हणून तक्रार केली तर “बघतो” म्हणायचे आणि खरोखरच नुसते बघून जायचे. पण शाळेची प्रत्येक कडी त्यांच्या ओळखीची होती, पोरांवर ते कधी खेकसले नाहीत, आणि पगारावर चार माणसांचं घर चालवत होते. एवढं पुरेसं असतं माणसाला नोकरीवर ठेवायला, असं मला तरी वाटतं.

हिंडायच्या तासांत सगळ्यांनी आपापल्या गोष्टी शोधल्या. पाना काही बोलेना. शेवटी ताईने विचारलं तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, “नळ.”

वर्ग फिदीफिदी हसला. ताईने हसू दिलं आणि मग म्हणाली, “घे.”

नळाच्या पोटात एक रबरी चकती असते, तिला वायसर म्हणतात. ती झिजली की नळ गळतो. हे मला माहीत नव्हतं, मला ते ताईने सांगितलं आणि ताईला पानाने. मोठा कॉक बंद करायचा, नळाची मुंडी उघडायची, जुनं वायसर काढून नवं बसवायचं. पानाने ते वडिलांकडून शिकून घेतलं. ज्या बापाला बघून ती जिना बदलायची, त्याच्या मागोमाग मधल्या सुट्टीत पिशवी घेऊन हिंडायला लागली. पहिला नळ तिने एकटीने बंद केला तेव्हा काकांनी गच्चीवरून खाली येऊन तो तीनतीनदा उघडून-मिटून पाहिला. हळूहळू शाळेतला एकही नळ गळेना. पोरं पाणी प्यायला गेली की “पाना, इकडचा घट्ट झालाय गं” अशी हाक मारायला लागली. नाव तेच, पण आता त्याला ती मान वर करून ओ देऊ लागली.

काका एकदा माझ्या दुकानात आले, शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला. म्हणाले, “तुमच्या बहिणीने माझी पोरगी मला परत दिली.” मग जरा भाव खात म्हणाले, “आता नळांकडे मी बघतसुद्धा नाही. मालकीणबाई बघतात.”

मी हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

आता ताईची चूक. कुणा वाईट माणसाच्या हातून ती झालीच नसती. ताईच्या तासावर शिक्षकखोलीत कुरकुर होती. मुलं अभ्यास सोडून फडकी मारत हिंडतात, असं काहीजण म्हणत. पुढच्या वर्षी हा तास गणिताला द्यायचा, असंही कानावर आलं. ताईला वाटलं, सचिवसाहेबांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की प्रश्न मिटला. आणि तिने त्यांना बोलावलं ते खाड्याच्या आठवड्यात.

मला तिने आदल्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा माझ्याही काही ध्यानात आलं नाही. मी फक्त म्हटलं, “चांगली झालेली कामं दाखवायची सोडून न झालेली काय दाखवतेस?”

“झालेलं काम कुणाला दिसत नाही,” ताई म्हणाली. “न झालेलं दिसतं.”

दिसलं. सचिवसाहेब आले, मोठ्या बाई त्यांच्या मागून. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या नेहमीच कुणाच्या तरी मागून असतात. सायकली आडव्यातिडव्या पडलेल्या, नकाशे गुंडाळी सुटून लोंबतायत, हरवलेल्या वस्तूंचा ढीग दारात, दोन नळ गळतायत आणि खाली पाण्याचं थारोळं. ताई एकेका मुलाला पुढे करून सांगत होती, हे काम याचं, ते काम तिचं, हे सगळं एरवी मुलं करतात, बघा ती थांबली तर शाळेची काय दशा होते.

सचिवसाहेब खूश झाले. पानापाशी थांबून त्यांनी विचारलं, “सगळे नळ तू एकटी दुरुस्त करतेस?”

“हो.”

“वडील मदत करतात?”

पाना अभिमानाने म्हणाली, “नाही. लागतच नाही.”

सचिवसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या महिन्यात काकांना घरी बसवलं. कागदावर काहीतरी गोड लिहिलं होतं, स्वावलंबी शाळा वगैरे. ताई धावत मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी काखा वर केल्या. मग सचिवसाहेबांकडे गेली. ती म्हणाली, मुलं शिकण्यासाठी करतात, माणसाच्या बदल्यात नव्हे. ते म्हणाले, “बाई, तुम्हीच तर दाखवलंत. मुलं थांबली तर शाळा अडते. आता मला सांगा, त्या आठवड्यात तुमचे काका खाड्यावर नव्हते. ते होते ना शाळेत? मग नळ का गळत होता?”

 काका होतेच. गच्चीवर रेडिओ ऐकत होते. मुलीनेच त्यांना सांगितलेलं, बाबा, या आठवड्यात हात लावायचा नाही हं, आमचा खाडा आहे.

ताई त्या दिवशी घरी येऊन पायरीवर बसली ती आत येईचना. मी तिला खूप बोलले. सचिवांवरचा राग तिच्यावर काढला, असंच म्हणा. म्हटलं, “दुसऱ्यांच्या पोरांना ध्येय वाटत सुटलीस, आणि एका बापाचं पोट मारलंस.” ती म्हणाली, “हो.” एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

पानाचं नाव शाळेतून लगेच काढलं नाही. वर्ष पुरं करू दे, असा मोठेपणा संस्थेने दाखवला. ती येत होती. नळाला हात लावत नव्हती. ताईच्या तासाला मागच्या बाकावर बसायची, आणि ताई फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ बोलायची.

मग एका सोमवारी सकाळी शाळेत पाण्याचा हाहाकार झाला. रखवालदाराने मोठा कॉक उघडला आणि सगळे नळ धो धो वाहायला लागले. मुंडी कितीही पिळा, एकही बंद होईना. कॉक बंद करावा तर संडासात पाणी नाही. व्हरांड्यात पाणी, पोरांचे बूट भिजलेले, मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं. मधल्या सुट्टीत शाळा सोडून दिली.

पोरांना सोडायच्या आधी मोठ्या बाई सातवीत आल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारायला लागल्या. पाना उठून उभी राहिली. कंपासपेटी उघडून टेबलावर उपडी केली. आत सगळी वायसरं होती.

“मी खाडा केला,” ती म्हणाली. “मी बसवलेली तेवढीच काढली.”

ताई पुढे झाली. म्हणाली, हे माझं शिकवणं आहे, जे काही करायचं ते माझं करा. मोठ्या बाई म्हणाल्या, “तुमचं नंतर बघू,” आणि पोरीला दाराबाहेर नेलं. जाताना पानाने त्यांना विचारलं, “आता बाबांना बोलावणार ना?”

त्यांनी बोलावलं नाही. एका कंपनीची गाडी आली. शाळेला पुन्हा पाणी आलं तेव्हा संध्याकाळसुद्धा झाली नव्हती. जुने नळ भंगारात गेले, दाबायचे नवे आले, आणि देखभालीचं काम वर्षभरासाठी त्या कंपनीला मिळालं. म्हणजे पैसे होते. काकांसाठी नव्हते.

पानाचं नाव काढलं. ताईचं बघू म्हणाले होते, तेही बघितलं. तिच्या पद्धतीची संस्थेत फार वाहवा झाली, आणि संस्थेच्या इतर शाळांतल्या शिक्षकांना ती शिकवायचं कामही तिला मिळालं. फक्त खाड्याचा आठवडा गाळायचा. ताईने ते घेतलं. मी कपाळाला हात लावला. “नाही म्हणता येत नाही का तुला?”

“नाही म्हटलं तर त्यांचं काय अडणार आहे?” ताई म्हणाली.

माझ्याकडे उत्तर नसलं की मी भांडी आपटते. त्या दिवशी आपटली.

काही महिन्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. मुद्दाम नाही, खरोखरच. मी ताईला न विचारता काकांकडे गेले. ते आता घरोघरची कामं करत होते, मिळतील तशी. दारातच त्यांनी मला त्या सोमवारची गोष्ट सांगितली. सकाळी पोरीने त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावलेला. “बाबा, आज कुठे जाऊ नका. शाळेतून बोलावणं येईल.” का येईल ते सांगितलं नाही. ते हत्यारांची पिशवी घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. दिवसभर बसले. शर्ट चुरगळू नये म्हणून टेकलेसुद्धा नाहीत. हे त्यांनी हसत सांगितलं, त्यामुळे मला जास्तच राग आला, कुणावर ते कळेना.

दुसऱ्या दिवशी काका आले, आणि त्यांच्याबरोबर पाना. उंच झाली होती. आता लांबच्या कुठल्याशा शाळेत जाते, कंटाळा आला की जात नाही, असं काका म्हणाले. ताई शाळेतून येऊन नुकतीच बसली होती. पानाला बघून ती उठली, आणि मग उठून काय करायचं ते तिला सुचेना.

काका म्हणाले, “ही करेल. माझ्यापेक्षा चांगलं करते,” आणि जिन्यात जाऊन बसले. मला वाटतं, मुद्दाम गेले.

पानाने कॉक बंद केला, मुंडी उघडली. ताई तिच्या मागे उभी. मी चहा ठेवायच्या निमित्ताने तिथेच. ताईने विचारलं, “नव्या शाळेत काय काय असतं?”

“असतं सगळं.”

“तुला काय आवडतं?”

“काही नाही.” ती वायसर बसवत होती. तिचे हात इतके सराईत होते की ती मान वळवून ताईकडे बघत होती तरी ते चुकत नव्हते. “बाई, एक विचारू? तुम्ही तो प्रश्न अजून विचारता का मुलांना?”

ताई म्हणाली, “विचारते.”

“आणि ती उत्तरं देतात?”

“देतात.”

पानाने मुंडी पिळली, कॉक उघडला, नळ सोडून पाहिला, बंद केला. एक थेंबही पडला नाही. तिने हात फ्रॉकला पुसले. ताईने पुढे होऊन म्हटलं, “फार छान केलंस गं. पुन्हा गळला तर तुलाच बोलावीन.”

“कुणालाही बोलवा,” पाना म्हणाली. “कुणीही करेल.”

आणि पिशवी उचलून वडिलांबरोबर जिना उतरून गेली. चहा तिने घेतला नाही.